एअर रायफलची बॅरल घरच्या टेबलावर बदलताना

माझ्या पहिल्या एअर रायफलची बॅरल मी स्वतःच वाकवली. स्प्रिंग चढवलेली, बॅरल खाली मोडलेली, डाव्या हातात छर्‍यांचा डबा, आणि उजव्या हाताचं बोट नको तिथे, चापावर. बॅरल फाडकन वर आली आणि दस्त्यावर आपटून बसली. बोटं वाचली, बॅरल नाही वाचली. त्यानंतर दहा मीटरवर छर्रा नेमाच्या हातभर वर जायला लागला. नवीन बॅरल मागवली, एका संध्याकाळी बसवली आणि दुसर्‍या दिवशी पाहतो तर छर्रे आधीपेक्षा जास्त पसरलेले. बॅरल सरळ होती, स्वच्छ होती, माझ्या हातचा जोड मात्र गचाळ होता. हे कळायला तीन रविवार गेले.

म्हणून हा लेख नावाला बॅरलचा असला तरी खरा जोडाचा आहे. ज्या रायफलीत बॅरलच खाली मोडून स्प्रिंग ताणली जाते, त्या स्प्रिंग-दट्ट्याच्या ब्रेक-बॅरल एअर रायफलीबद्दल मी बोलतोय, .१७७ म्हणजे ४.५ मिमी किंवा .२२ म्हणजे ५.५ मिमी कॅलिबरच्या. दारूची काडतुसं उडवणार्‍या रायफलीबद्दल नाही. तिथे बॅरलला चेंबर असतं, काडतूस आणि बोल्ट यांच्यातलं अंतर गेजने मोजून बसवावं लागतं, आणि .३०८ सारख्या काडतुसाचा कमाल दाब चार हजार बारच्या पलीकडे जातो. त्या मापात चूक झाली तर रायफल तोंडासमोर फुटू शकते. ते काम परवानाधारक गनस्मिथचं. हौशी माणसाने शिकायला हात घालावा तो एअर रायफलीतच; इथे चूक झाली तर बहुतेक वेळा नेम बिघडतो. मात्र स्प्रिंग बोट तोडू शकते, हे विसरायचं नाही.

आणखी एक गोष्ट सुटे भाग मागवण्याआधीच तपासायची. काही देशांत बॅरल हा स्वतंत्र नोंदणीचा भाग मानतात, आणि शक्तीच्या मर्यादा तर जागोजागी वेगळ्या आहेत. जर्मनीत विनापरवाना एअर रायफलीसाठी ७.५ ज्यूल, इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पौंड, म्हणजे साधारण १६.२७ ज्यूल. बॅरल बदलल्यावर वेग थोडा सरकतो. रायफल मर्यादेच्या काठावर असेल तर तो सरकून पलीकडे जाऊ शकतो. आपण राहतो तिथला नियम आधी वाचून घ्या.

बॅरल खरंच गेली आहे का?

शिशाचा छर्रा मऊ असतो, वेग फार नसतो, दारूची आगही नाही. एअर रायफलीची बॅरल झिजून गेली असं कानावर खूप येतं, प्रत्यक्षात क्वचितच दिसतं. बॅरल खराब होते ती बहुधा चार कारणांनी: माझ्यासारखी वाकवल्याने, आत गंज धरल्याने, तोंडाकडून धातूची सळई घालून घालून तोंडाची कड खराब केल्याने, किंवा रायफल तोंडावर पडल्याने. एरवी नेम बिघडला की पहिला संशय इतरांवर घ्यायचा, आणि तो या क्रमाने.

दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंगची रायफल दोन दिशांना हादरते, आधी मागे आणि दट्ट्या थांबताना पुढे, त्यामुळे स्क्रू आपोआप ढिले होतात. पाच जणांच्या तक्रारी ऐकल्या तर निदान दोघांचं उत्तर इथेच असतं.

मग माशी (पुढची साइट), मागची साइट किंवा दुर्बिणीचे माउंट. हाताने हलवून बघा. मग छर्रा: बॅच बदलली का, स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, दबलेले आहेत का. वेगळ्या वजनाचे दोन-तीन प्रकार झाडून बघा. मग बॅरल साफ करून बघा, कारण खोबणींत साचलेलं शिसं आणि वाळलेलं तेल नेम बिघडवतंच.

आता तोंडाची कड, म्हणजे क्राउन. छर्रा बॅरल सोडतो तेव्हा मागची हवा चहूबाजूंनी एकाच वेळी सुटली पाहिजे. कडेवर एका बाजूला खरचट असेल तर हवा तिकडून आधी सुटते आणि छर्र्‍याची शेपटी ढकलते. कापसाची कानकाडी कडेवर हळूच गोल फिरवा. धागा एखाद्या जागी अडकला तर तिथे बुर, म्हणजे धातूची बारीक कुसळ, आहे. हा दोष बॅरल न बदलता दुरुस्त होतो. गोल डोक्याचा पितळी स्क्रू हाताच्या ड्रिलमध्ये धरून, त्यावर बारीक लॅपिंग पेस्ट लावून कड हलक्या हाताने घासली की बर्‍याचदा काम होतं. बॅरलच्या तोंडात आधी कापडाचा बोळा घालायचा, म्हणजे पेस्ट आत जात नाही.

वाकलेली बॅरल डोळ्यांना दिसते. दस्ता न काढता रिकामी बॅरल उघडायची, ब्रीचकडून म्हणजे मागच्या टोकाकडून उजेडाकडे बघायचं. आतल्या भिंतीवर उजेडाची गोल वलयं पडतात. ती एकाच केंद्राभोवती असतील तर बॅरल सरळ. एकीकडे चंद्रकोरीसारखी सरकली असतील तर वाकलेली. वाकलेली बॅरल हाताने उलटी वाकवून सरळ करणारे जुने कारागीर आहेत, आणि काहींना ते जमतंही. मला जमलं नाही. धातूला आपली जुनी वाकलेली जागा आठवते असं वाटावं इतक्या हट्टाने ती परत सरकली.

शेवटी, बॅरल बदलायचं ठरलंच तर आधी आत्ताची स्थिती लिहून ठेवा. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) दहा शॉट्सचे वेग, दहा मीटरवर दहा छर्र्‍यांचा एक गट. पाच छर्र्‍यांचा गट हौशी माणसाला खोटं समाधान देतो. ही नोंद नसेल तर नवीन बॅरलने काय सुधारलं ते सांगता येणार नाही. ऊर्जेचं गणित साधं आहे: ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने गेला तर जवळपास ८.१ ज्यूल.

बॅरल मागवताना

बर्‍याच ब्रेक-बॅरल रायफलींत बॅरल आणि तिच्या मागचा चौकोनी ब्रीच ब्लॉक वेगळा विकत नाहीत. बॅरल ब्लॉकमध्ये दाबून बसवलेली असते, काहींत वरून पिन मारलेली. ही जोडी कारखान्यात प्रेसने बसते. घरी व्हाइस आणि हातोडीने बॅरल ब्लॉकमधून काढायचा विचार सोडून द्या, ब्लॉकसकट अखंड भाग मागवा.

नाव आणि मॉडेल सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपन्या मध्येच भाग बदलतात. मागवताना ही मापं कागदावर हवीत: कॅलिबर, बॅरलची लांबी, ब्लॉकची रुंदी, पिव्होट बोल्टच्या (ज्याभोवती बॅरल मोडते त्याच्या) भोकाचा व्यास, कॉकिंग लिंक (बॅरल मोडताना दट्ट्या मागे ढकलणारा दांडा) जोडणार्‍या पिनचा व्यास, तोंडाचा बाहेरचा व्यास, आणि माशी डव्हटेल खाचेत बसते की स्क्रूने. शेवटचं माप मी विसरलो होतो. नवीन बॅरल आली, जुनी माशी तिच्यावर बसेना.

लांब बॅरल घेतली तर शक्ती वाढेल या आशेत राहू नका. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्याने दाबलेली हवा थोडीशीच असते, आणि छर्र्‍याला मिळणारा धक्का जवळपास सगळा पहिल्या २०-२५ सेंटिमीटरांतच मिळून जातो. त्यापुढची लांबी प्रामुख्याने स्प्रिंग ताणायला चांगली तरफ मिळावी म्हणून असते.

टेबलावर काय हवं

दोन-तीन चांगले स्क्रूड्रायव्हर, ज्यांचं पातं स्क्रूच्या खाचेत नीट, पूर्ण रुंदीने बसेल. घसरलेल्या स्क्रूड्रायव्हरने खाच एकदा उधळली की रायफल जन्मभर हौशी हातची दिसते. ॲलन की, पितळी किंवा नायलॉनचा पंच, हलकी हातोडी, व्हर्नियर कॅलिपर, मऊ जबड्यांचा व्हाइस. व्हाइस नसेल तर वाळूच्या दोन पिशव्या. मॉलिब्डेनम ग्रीस थोडंसं. मध्यम ताकदीचं, निळ्या रंगाचं स्क्रू-लॉक. नवीन ब्रीच सील. आणि दोन पारदर्शक प्लॅस्टिक पिशव्या, ज्यांचं काम पुढे येईल. चष्मा डोळ्यांवर ठेवायचा, अगदी पहिल्या स्क्रूपासून. मोबाइल हाताशी असू द्या. प्रत्येक पायरीला एक फोटो. तासाभराने "हे वॉशर कुठल्या बाजूचं?" असा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर स्मरणशक्ती कधीच नीट देत नाही.

उतरवणं

सगळ्यात आधी रायफल रिकामी आणि स्प्रिंग उतरलेली असल्याची खात्री. बॅरल उघडून ब्रीचमध्ये छर्रा नाही ना हे डोळ्यांनी बघा. स्प्रिंग चढलेली असेल तर बर्‍याच रायफलींत ती उतरवण्याचा सुरक्षित मार्ग एकच, छर्रा घालून पेलेट ट्रॅपमध्ये, म्हणजे छर्रे अडवणार्‍या पेटीत, शॉट मारणं. रिकाम्या बॅरलने चाप ओढायचा नाही. छर्र्‍याच्या अडथळ्याशिवाय दट्ट्या पुढच्या भिंतीवर कोरडा आपटतो आणि त्याच्या सीलची वाट लागते.

आता दस्ता. पुढच्या बाजूला दोन्हीकडे एक-एक स्क्रू, आणि खाली ट्रिगर गार्डजवळ एक किंवा दोन. आधी पुढचे अर्धवट ढिले करा, मग मागचे, मग सगळे काढा. दस्ता सुटल्यावर ट्रिगरच्या पिना नुसत्या दिसतात. काही मॉडेलांत त्या पिना जागेवर धरून ठेवायचं काम दस्ताच करत असतो. त्यामुळे नियम पक्का: दस्ता काढलेला असताना स्प्रिंग चढवायची नाही, कितीही मोह झाला तरी. मागच्या टोकाची टोपी किंवा तिथल्या पिना यांना तर हातच लावायचा नाही. त्यांच्यामागे दाबून ठेवलेली मुख्य स्प्रिंग आहे, आणि ती काढायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. बॅरल बदलायला तिथे जावं लागत नाही, हे या कामातलं सुख.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर पाठीवर झोपवा. बॅरल जिथे मोडते तिथे पिव्होट बोल्ट दिसेल. काहींत बोल्टच्या डोक्याच्या कडेला खाच असते आणि त्यात अडकणारा छोटा लॉक-स्क्रू. तो आधी काढायचा. तो विसरून मोठा पाना लावणारे बोल्टचं डोकंच मोडून बसतात. दुसर्‍या बाजूला नट असेल तर तोही.

आता बॅरल थोडीशी उघडा. खटक्यातून (बॅरल बंद धरून ठेवणार्‍या कळीतून) सुटेल इतकीच, खाली पाडायची नाही. बॅरल बंद असताना खटक्याची स्प्रिंग ब्लॉकला ढकलत असते आणि तो सगळा भार पिव्होट बोल्टवर पडलेला असतो. बॅरल खटक्यातून सुटली की बोल्ट मोकळा होतो. तो पितळी पंचाने हलकेच बाहेर ढकला. अजूनही अडत असेल तर जोर लावू नका, बॅरल दोन-चार अंश इकडेतिकडे करून पुन्हा बघा.

बोल्ट निघाला की बॅरल पुढे ओढा. तिच्यासोबत कॉकिंग लिंक ट्यूबच्या, म्हणजे दट्ट्या असलेल्या नळीच्या, खालच्या चिरेतून बाहेर येईल. काही मॉडेलांत लिंकचं टोक चिरेच्या रुंद भागात आणून मगच सोडावं लागतं. लिंकच्या टोकाचा आकडा कुठल्या दिशेला होता याचा फोटो घ्या. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर असतात. ते बहुधा ग्रीसने चिकटलेले असतात आणि नेमके टेबलाखाली पडतात. डावं आणि उजवं वेगळ्या कागदांवर ठेवा.

जुन्या भागांकडे बघणं

हा भाग मी पहिल्यांदा दोन मिनिटांत उरकला होता, आणि सगळी गोची तिथेच झाली.

थोडं गणित करू. पिव्होट बोल्टपासून खटक्यापर्यंतचं अंतर समजा २० मिमी. बंद होताना ब्लॉक दर वेळी त्याच जागी बसला नाही, दुसर्‍या खेपेला आधीपेक्षा ०.०१ मिमी वर किंवा खाली बसला, तर बॅरलची दिशा तेवढ्यानेच बदलते आणि दहा मीटरवर छर्रा ५ मिमी सरकतो. ऑलिंपिकच्या दहा मीटर लक्ष्यावर एका रिंगेचं अंतर २.५ मिमी असतं. म्हणजे डोळ्यांना न दिसणार्‍या ढिलाईत दोन रिंगा गेल्या. बॅरल कितीही भारी असू दे.

इथे एक गमतीची गोष्ट. बर्‍याच रायफलींत माशी आणि मागची साइट दोन्ही बॅरलवरच असतात. बॅरल वर-खाली झाली तर साइटही तिच्याबरोबर जातात, आणि ढिलाई बरीचशी झाकली जाते. त्याच रायफलीवर दुर्बीण लावली, जी मागच्या ट्यूबवर बसते, की सगळं उघडं पडतं. "दुर्बीण लावली आणि रायफल बिघडली" असं म्हणणार्‍यांची रायफल बहुधा आधीपासूनच बिघडलेली असते.

तर बघायचं काय? बोल्टच्या दांड्यावर झिजलेली चमकदार पट्टी आहे का? नखाने कड जाणवली तर बोल्ट बदला. वॉशर कॅलिपरने मोजा. दोन्ही बाजूंच्या जाडीत फरक असेल तर तो मुद्दाम ठेवलेला असू शकतो, म्हणून कुठलं कुठे ते लिहा. ट्यूबच्या पुढच्या दोन फाट्यांच्या आतल्या बाजू पुसून बघा, खरचट असेल तर. लिंकची पिन सैल झाली आहे का? खटका पाचरीसारखा असतो, काहींत गोटी असते. त्याच्या तिरक्या पृष्ठभागावर एकीकडेच झीज दिसली तर ब्लॉक तिरका बसत होता असं समजा.

भाग नव्या बॅरलवर हलवणं

नव्या ब्लॉकसोबत खटका आणि सील आले नसतील तर जुने काढावे लागतील. खटका एका छोट्या आडव्या पिनने धरलेला असतो आणि त्यामागे बारीक पण आडदांड स्प्रिंग. आता त्या पारदर्शक पिशव्या काढा. ब्लॉक पिशवीत घालून, पिशवीतूनच पिन ढकला. स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते. माझी पहिली स्प्रिंग कपाटाच्या मागे गेली ती घर बदलताना सापडली.

सील मात्र जुनं वापरू नका, कितीही चांगलं दिसलं तरी. सील म्हणजे रबरी ओ-रिंग, सिंथेटिक कडं किंवा जुन्या मॉडेलांत चामड्याचं वॉशर. नवं सील खाचेत बसवल्यावर ते ब्लॉकच्या तोंडापेक्षा किंचित, मिलिमीटरच्या दशांशांत, वर यायला हवं. अगदी सपाट बसलं तर हवा गळते. फारच वर आलं तर बॅरल बंद होताना ब्लॉकला पुढे रेटतं, खटका पूर्ण बसत नाही, आणि मग वरचं गणित सुरू होतं. कमी वर आलं तर सीलखाली पातळ प्लॅस्टिकची किंवा कागदाची रिंग घालून उचलता येतं. सील बसवताना टोकदार वस्तू वापरू नका. त्याच्यावर तेल तर अजिबात नको. सीलसमोरच ट्रान्सफर पोर्टचं भोक आहे, दट्ट्याने दाबलेली हवा बॅरलमध्ये येते ते. तिथून तेल दट्ट्याच्या पुढच्या जागेत गेलं की दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं. मोठा आवाज येतो, धूर निघतो, आणि स्प्रिंग व सील दोन्ही मार खातात. याला डीझलिंग म्हणतात.

माशी हलवताना डव्हटेल एका बाजूने आत जाते आणि त्याच बाजूने बाहेर येते. कुठल्या ते आधी ठरवा. पंच पितळीच घ्या. खाचेत ती मध्यावर आणायची, पण फार जीव काढू नका. शेवटची दिशा गोळीबारच ठरवेल.

नवी बॅरल आतून पुसा. कारखान्यातलं गंजरोधक तेल आत असतं. नायलॉनच्या धाग्याला कापडाचा तुकडा बांधून ब्रीचकडून तोंडाकडे ओढा, उलट नाही. कापड स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग एक छर्रा ब्रीचमध्ये बसवून लाकडी दांड्याने हळूहळू पूर्ण बॅरलमधून ढकला. ही परीक्षा मला फार आवडते, कारण बॅरल हाताला स्वतःबद्दल सांगते. पूर्ण लांबी एकसारखी गुळगुळीत लागली तर उत्तम. तोंडाजवळ थोडं घट्ट झालं तर बहुधा मुद्दाम दिलेला चोक आहे. मध्येच सैल होऊन पुन्हा घट्ट झालं, किंवा एका जागी खडखडलं, तर ती बॅरल परत पाठवा, बसवायचा त्रास घेऊ नका. बाहेर आलेल्या छर्र्‍यावर रायफलिंगच्या खुणा चारी बाजूंना सारख्या खोल दिसल्या पाहिजेत.

बसवणं

वॉशरच्या दोन्ही बाजूंना मॉलिब्डेनम ग्रीसचा पातळ थर, पिव्होट बोल्टच्या दांड्याला थोडं, लिंकच्या पिनला थोडं. इतकंच. ग्रीस बाहेर ओघळताना दिसलं तर जास्त झालं.

लिंक नव्या ब्लॉकच्या खोबणीत पिनने बसवा. फोटो बघून दिशा तपासा, मग लिंकचं टोक ट्यूबच्या चिरेतून आत घालून दट्ट्याच्या किंवा त्याच्या शूजच्या आकड्यात अडकवा. बॅरल फाट्यांमध्ये सरकवताना वॉशर खाली घसरतात. ग्रीसने चिकटलेले असतील तर राहतात. भोकं एका रेषेत येईनात तर निमुळत्या गोल दांड्याने आधी रांगेत आणा. बोल्टनेच भोकं रांगेत आणायचा प्रयत्न केला तर बोल्टचे आटे फाट्यातल्या भोकाची कड खरवडतात.

बोल्ट किती आवळायचा, हा प्रश्न सगळे विचारतात, आणि अंदाजानेच सांगावं लागतं. दस्ता अजून बसवलेला नाही आणि स्प्रिंग चढवायची नाही, त्यामुळे बॅरल थोडीच उघडा, लिंकला स्प्रिंग जाणवायला लागायच्या आधीपर्यंत, आणि सोडा. ती तिथेच थांबली पाहिजे. स्वतःच्या वजनाने खाली पडली तर बोल्ट ढिला. हलवायला जोर लागला तर जास्त घट्ट, आणि वॉशर लवकरच झिजणार. ही जागा सापडली की लॉक-स्क्रू बसवा. खाच जुळत नसेल तर बोल्ट ढिला करण्याऐवजी किंचित पुढे आवळून बघा. अगदीच जमेना तर वॉशरची जाडी बदलावी लागते.

मग बॅरल बंद करून ट्यूब एका हातात आणि बॅरलचं तोंड दुसर्‍या हातात धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. आवाज नको, जाणीवही नको. आता दस्ता चढवा. पुढचे स्क्रू हाताने आत जाईपर्यंत, मागचे तसेच, मग आळीपाळीने पूर्ण. निळ्या स्क्रू-लॉकचा एक थेंब पुरतो.

पहिले शॉट्स

दस्ता घट्ट बसल्यावर पहिल्यांदा स्प्रिंग चढवताना बॅरल दुसर्‍या हाताने पकडून ठेवा आणि छर्रा घालून बॅरल बंद होईपर्यंत सोडू नका. ही सवय नंतरही ठेवा. माझी कहाणी आठवा.

हवा गळते का ते बघायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी बॅरल आणि ट्यूबच्या सांध्यावर ठेवा आणि शॉट मारा. पट्टी उडाली किंवा थरथरली तर सील गळतंय. सांध्याच्या कुठल्या बाजूला उडाली ते लक्षात ठेवा. नेहमी वरच्याच बाजूला गळत असेल तर ब्लॉक वरून पूर्ण बंद होत नाही, म्हणजे सीलच्या जाडीपेक्षा खटका तपासायला हवा.

क्रोनोग्राफवर दहा शॉट्स घ्या आणि आधीच्या नोंदीशी लावून बघा. सुरुवातीचे काही शॉट्स वर-खाली होतील, विशेषतः कुठे तेल राहिलं असेल तर. वीस-तीस छर्र्‍यांनंतर वेग स्थिर व्हायला हवा. नव्या बॅरलला आतून शिशाचा पातळ थर बसायलाही तेवढे छर्रे लागतात. तोपर्यंत गटाकडे बघून निराश व्हायचं नाही, आणि साइट तर मुळीच फिरवायच्या नाहीत.

त्यानंतर दहा मीटरवर दहा छर्रे. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली की हट्टाने इकडेतिकडे मारते. पुढचा हात उघडा, तळव्यावर रायफल नुसती विसावलेली, खांद्याला हलकीशी टेकलेली, असं धरा. गट छोटा पण नेमापासून लांब असेल तर काम झालं, आता साइट फिरवा. छर्रा फारच खाली पडत असेल आणि दुर्बीण फिरवायची मर्यादा संपत असेल तर बॅरल ट्यूबच्या मानाने थोडी खाली झुकलेली आहे. ब्रेक-बॅरल रायफलींत हे सर्रास होतं. त्यासाठी उतार दिलेले माउंट मिळतात, बॅरल वाकवायची गरज नाही.

गट दोन ढिगांत पडत असेल, सहा इथे, चार तिथे, असा, तर ती जोडाची सही आहे. पुन्हा बोल्ट, वॉशर, खटका. मी त्या तीन रविवारांत तीनदा सगळं उघडलं. तिसर्‍यांदा कळलं की उजवं वॉशर मी डावीकडे बसवलं होतं. दोन्हींच्या जाडीत केसाएवढाच फरक, पण ब्लॉक एका फाट्याला घासत होता.

पंप करून हवा भरायच्या पीसीपी रायफलीची बॅरल बदलायला वेगळाच क्रम लागतो, पण तत्त्व तेच. आधी सिलेंडर पूर्ण रिकामं करायचं, गेजवर शून्य दिसलं तरी एक-दोनदा कॉक करून चाप ओढून बघायचं. बॅरल बहुधा ब्लॉकमध्ये ग्रब स्क्रूंनी आणि ओ-रिंगांनी बसलेली असते. तिचं पोर्ट ट्रान्सफर पोर्टशी अगदी सरळ रेषेत यायला हवं. ग्रब स्क्रू थोडे-थोडे आळीपाळीने, एकदम नाही. तिथे दाब शेकडो बार असतो, म्हणून सिलेंडरच्या कुठल्याही भागाला हात लावणं हे या लेखाच्या बाहेरचं काम.

महिनाभराने किंवा दोन-तीनशे छर्र्‍यांनंतर सगळे स्क्रू एकदा तपासा. बोल्टही. नवं वॉशर आणि नवं सील बसताना थोडं दबतं, आणि जी जागा आपण पहिल्या दिवशी शोधली ती किंचित ढिली होते. पाव वळणाने बरोबर होतं.

जुनी बॅरल वाकलेली असली तरी मी फेकली नाही. तेलाच्या कागदात गुंडाळून, तिचे वॉशर आणि बोल्ट एका पाकिटात घालून, पाकिटावर डावं-उजवं लिहून ठेवली आहे. माशी मात्र तिच्यावरच राहिली. ती अजूनही नव्या बॅरलवर बसत नाही.